चेहरा मागाहून, आधी तळ पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बार्देशच्या किनारपट्टीतली जुन्या वस्तूंची दुकाने, हॉटेलांचे स्वागतकक्ष, भाड्याने जाणारे बंगले, जिथे जावे तिथे हल्ली बुद्धमूर्ती दिसते. पुष्कळ मूर्तींच्या गळ्यात ‘थाई, ब्राँझ, अँटिक’ अशी तीन शब्दांची चिठ्ठी असते. यातला प्रत्येक शब्द वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि तो विकणाऱ्याच्या बोलण्यावरून नव्हे, मूर्तीवरून आणि कागदांवरून. ते कसे करायचे, आणि खरी जुनी मूर्ती हाती आलीच तर गोव्याच्या हवेत ती कशी टिकवायची, हे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, पण या विषयात अर्ध्या माहितीने मूर्तीही जाते आणि पैसेही.

आधी नुसत्या मुंडक्यांबद्दल, कारण विक्रीत तीच सर्वांत जास्त. लाकडी ठोकळ्यावर दांडी मारून बसवलेले बुद्धाचे शिर हा दिवाणखान्याच्या सजावटीचा प्रकार आहे. पूजेसाठी नुसते शिर घडवण्याची प्रथा थायलंडमध्ये नाही. म्हणजे शिर नवे असेल तर ते शोभेची वस्तू म्हणून ओतलेले असते, आणि खरेच जुने असेल तर त्याचे धड कुठेतरी मागे राहिलेले असते. मानेची कड बोटाने चाचपून पाहा. मोठ्या मूर्ती भागाभागांत ओतून जोडत, त्यामुळे एखादे शिर जोडावरून सुटलेलेही असू शकते. तिथे कड जाड व खाचेची असते आणि तिचा रंग बाकीच्या अंगासारखाच जुना असतो. करवतीच्या समांतर रेषा, छिन्नीचे घाव किंवा कडेपुरताच वेगळा रंग दिसला तर ती चोरीची खूण समजा. थायलंडचा पुरावस्तूंचा कायदा १९६१चा, त्यात १९९२मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय बुद्धमूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, मग ती जुनी असो वा नवी. गळ्यात घालायचे छोटे ताईत तेवढे त्यातून सुटतात. शिर, हात असे तुटके भाग नेण्यास तर परवानगीच मिळत नाही. म्हणून जुन्या थाई शिराचे ‘सगळे कागद आहेत’ असे कुणी म्हणाले की कोणत्या तारखेचा कोणता कागद, ते लगेच विचारावे.

त्या देशात बुद्धमूर्ती ‘विकत घेतली’ असे म्हणत नाहीत, ‘भाड्याने घेतली’ म्हणतात. पैसे मोजले तरी मालकीची भाषा तोंडी येत नाही. आपल्या भूमीचा या भावनेशी एक जुना, दुखरा संबंध आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्तान्तिनु द ब्रागांस याने १५६०मध्ये जाफनाहून बुद्धाचा दात मानला जाणारा अवशेष गोव्यात आणला. पेगूच्या (आजच्या म्यानमारमधल्या) राजाने त्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली होती. ती नाकारून १५६१मध्ये तो अवशेष गोव्यातच खलबत्त्यात कुटून जाळण्यात आला. पडवीत मुंडके ठेवताना एवढे तरी आठवावे असे आम्हाला वाटते.

आता अखंड मूर्तीकडे. बहुतेक लोक चेहऱ्यावर भाळतात. नकल करणाराही सगळी मेहनत चेहऱ्यावरच घेतो. म्हणून परीक्षा तळापासून सुरू करावी. जमिनीवर नव्हे, टेबलावर जाड सुती कापडाची घडी घालावी. दोन्ही हात धडाखाली घालून मूर्ती उचलावी आणि कुशीवर निजवावी. शिखेला किंवा हाताला धरून कधीही उचलू नये. डोक्यावरची ज्वालेसारखी शिखा पुष्कळदा वेगळी ओतून भोकात बसवलेली असते. ती सैल असते, हरवते, आणि मग मागे नुसते भोक उरते. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्यात, हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. एक टॉर्च, दहापट दाखवणारे भिंग, दोऱ्याला बांधलेला छोटा जोरकस लोहचुंबक, मोजपट्टी आणि वजनकाटा एवढे साहित्य पुरे.

तळाशी काय पाहायचे ते समजायला ओतकाम माहीत हवे. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. थाई मूर्तींत शिसेही बरेच सापडते. शिशाने रस पातळ वाहतो आणि बारीक वळणांत शिरतो. माती, वाळू आणि भाताचा तूस कालवून आधी गाभा करतात. त्यावर मेणाचा थर येतो. मेण जेवढे जाड, पुढे धातूची भिंत तेवढीच जाड. नाक-डोळे, चिवराची (भिक्षूच्या वस्त्राची) कड, केसांचे वळे हे सगळे मेणातच होते. मग लोखंडी खिळे मेणातून आरपार गाभ्यात ठोकतात, कारण मेण वितळून गेल्यावर गाभा अधांतरी राहतो आणि हललाच तर भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे भोक. बाहेरून मातीचे लेप, पहिला अगदी बारीक गाळाचा, मग जाडेभरडे. साचा तापवून मेण काढून टाकतात आणि साचा उलटा, म्हणजे डोके खाली ठेवून रस ओततात. चांगला, घट्ट धातू चेहऱ्याकडे जातो. हवेचे बुडबुडे आणि मळी वर चढून बैठकीच्या कडेला गोळा होते.

म्हणून खऱ्या जुन्या मूर्तीचा तळ ओबडधोबड असतो. कड कमी-जास्त जाडीची, बारीक छिद्रांची, कुठे कुठे रस पोचलेलाच नाही अशी. टॉर्च आत फिरवला तर पोकळीत, विशेषतः डोक्याकडे, काळपट पडलेली गाभ्याची माती चिकटलेली दिसते. भिंगाखाली तिच्यात जळलेल्या तुसाचे ठसेही सापडतात. खिळ्यांच्या जागी तपकिरी गंजाचे डाग असतात, किंवा खिळा गळून पडल्यावर उरलेले चौकोनी भोक. चुंबक दोऱ्याने लोंबता ठेवून पाठीवरून, खांद्यांवरून हळू फिरवा. कांशाला तो ओढ खात नाही, पण खिळा शिल्लक असेल तिथे किंचित झुकतो. पूर्ण गंजलेला खिळा मात्र त्याला दाद देत नाही, म्हणून ओढ नसणे हा नकलेचा पुरावा नव्हे. ओतताना पडलेली भोके जुने कारागीर चौकोनी ठिगळ बसवून, ठोकून बुजवत. अशी दोन-चार ठिगळे दिसली तर घाबरू नका. जुन्या मूर्तीत ती असायचीच.

आत पांढरे प्लॅस्टर, गुळगुळीत लोखंडी सळई, वेल्डिंगची माळ किंवा ग्राइंडरच्या गोल रेघा दिसल्या तर चर्चा तिथेच संपते. बैठकीची कड यंत्राने घासून सपाट केली असेल तर ती का केली ते विचारा. कधी जुन्या मूर्तीलाही टेबलावर नीट बसावी म्हणून कुणी कानस मारलेली असते, पण ती कानस जुनी की कालची हे रंगावरून कळते. संपूर्ण तळ सिमेंटने, लाखेने किंवा फेल्टने बंद केलेली मूर्ती घेऊ नये. झाकण काढायला विकणारा नकार देत असेल तर पुढे जावे. निदान आम्ही तरी या नियमाला अपवाद करत नाही.

अस्सल मूर्तीवरूनच साचा काढून केलेली प्रत ही सर्वांत फसवी. शैली बिनचूक, चेहरा बिनचूक. पण धातू थिजताना आक्रसतो, त्यामुळे प्रत मूळ मूर्तीपेक्षा साधारण दीड-दोन टक्के लहान निघते. ३० सेंटिमीटरला अर्धा सेंटिमीटर, म्हणजे मोजपट्टीत सहज पकडता येईल इतका फरक. शिवाय पापण्यांची कड, ओठांची दुहेरी रेघ, केसांच्या वळ्यांमधल्या खाचा मऊ, भरल्यासारख्या होतात. एखाद्या प्रसिद्ध मूर्तीशी तंतोतंत जुळणारा तुकडा समोर आला तर त्या मूर्तीचे छापील मोजमाप शोधून ताडून पाहा. थायलंडमध्ये बसलेल्या मूर्तीचे माप उंचीत नव्हे, मांडीच्या रुंदीत, म्हणजे एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत सांगतात, आणि बाजारात ते इंचांत चालते. ‘नऊ इंची’ म्हणजे मांडी नऊ इंच. उंची समजून भाव केला की पहिलाच घोटाळा होतो.

पृष्ठभागाची परीक्षा त्यानंतर. खरा हिरवा-तपकिरी थर धातूतूनच उगवलेला असतो. खाली लालसर थर, वर घट्ट हिरवा. लाकडी टोचणीने तो निघत नाही. बनावट हिरवा रंग गोंदात किंवा लाखेत कालवून लावतात. तळाच्या आतल्या बाजूला, न दिसेल अशा नखाएवढ्या जागी अॅसिटोनचा बोळा फिरवला की तो कापसावर उतरतो. लाख-सोन्याच्या भागावर ही चाचणी करू नये आणि विकणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय कुठेच करू नये. झीज कुठे आहे तेही पाहा. शेकडो हातांनी स्पर्शलेली मूर्ती गुडघे, बोटांची टोके, नाकाचा शेंडा इथे झिजते, आणि चिवराच्या घडीत, कानामागे जुनी काळी लाख तशीच राहते. तारेच्या ब्रशने केलेली झीज सगळीकडे सारखी असते, रेघा एकाच दिशेने जातात. सोन्याचा वर्ख चौकोनी तुकड्यांत लावतात, त्यामुळे एकावर एक चढलेल्या कडा भिंगाखाली दिसतात. डबीतला सोनेरी रंग लावला असेल तर कडा नसतात आणि काही वर्षांत तो तपकिरी पडतो. थरांचा क्रमही महत्त्वाचा: धातू, लाख, वर्ख, मग धूळ-धूर. हिरव्या गंजावर सोने चढलेले दिसले तर सोने नंतरचे.

शैलीबद्दल पुस्तके भरून लिहिले गेले आहे. इथे घेणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढेच. पाच जागा पाहाव्यात: शिखा, केसांची कड, डाव्या खांद्यावरून उतरणारी चिवराची पट्टी, मांडी घालण्याची पद्धत आणि बैठक.

उत्तरेकडच्या लान ना राज्यातली ‘सिंह’ प्रकारची मूर्ती भरदार छातीची, गोल चेहऱ्याची. केसांचे वळे टपोरे, शिखा कमळकळीसारखी, खांद्यावरची पट्टी आखूड, स्तनाग्राच्या वरच संपणारी आणि टोकाला खाच असलेली. दोन्ही तळपाय वर दिसतात, म्हणजे वज्रासन. बैठक पाकळ्यांच्या कमळाची. मगधाच्या पाल शैलीतल्या बोधगयेच्या बुद्धाशी तिचे नाते उघड दिसते. राजा तिलोकराजाने १४५५मध्ये चियांग माईत वाट चेत योत बांधायला घेतले तेव्हा नमुना बोधगयेच्या महाबोधी मंदिराचाच होता. हा प्रकार पूर्वी फार प्राचीन मानत. बैठकीवरच्या कोरीव तारखा वाचल्यावर त्यांतल्या पुष्कळ मूर्ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या व त्यानंतरच्या ठरल्या. त्यामुळे अशा मूर्तीला ‘अकराव्या शतकातली’ म्हणणारी चिठ्ठी जुन्या, मागे पडलेल्या माहितीवर लिहिलेली असते.

सुखोथाई या जुन्या थाई राज्यातली मूर्ती एकदा नीट पाहिली की विसरत नाही. लंबगोल चेहरा, पोपटाच्या चोचीसारखे नाक, हत्तीच्या सोंडेसारखा उतरता हात, उंच ज्वालेची शिखा, कपाळावर मधोमध टोक आलेली केसांची कड. चिवराची पट्टी थेट बेंबीपर्यंत उतरते आणि टोक नागमोडी. एक पाय दुसऱ्यावर, एकच तळपाय दिसतो, म्हणजे वीरासन. बैठक साधी, नक्षी नाही. उजवा हात भूमिस्पर्शात, म्हणजे गुडघ्यावरून बोटे जमिनीकडे, ज्याला तिकडे मारविजय म्हणतात. याच शैलीने चालता बुद्ध घडवला: एक टाच उचललेली, एक हात लयीत खाली सोडलेला, दुसरा अभयमुद्रेत. धातूच्या पोकळ मूर्तीचा तोल दोन पावलांवर सांभाळणे ओतणाऱ्याला किती अवघड, हे ज्याने साधी समई ओतताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. बोटे पाहायला विसरू नका. अस्सल सुखोथाई मूर्तीत ती माणसासारखी कमी-जास्त लांबीची असतात. चारही बोटे सारख्या लांबीची असली की ती फित्सानुलोकच्या फ्रा फुत्त चिन्नरात या प्रख्यात मूर्तीच्या घराण्यातली, किंवा तिच्या अनेक प्रतींपैकी एक. या मूर्तीची खुद्द राजा चुलालोंगकोर्नने बँकॉकच्या वाट बेंचमबोफितसाठी १९०१मध्ये प्रत ओतवून घेतली होती. तेव्हा प्रत म्हणजे फसवणूकच असे नाही. प्रत जुनी म्हणून विकणे ही फसवणूक.

मध्य थायलंडमधल्या उ थोंग शैलीच्या मूर्तीच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे, बारीक पट्टी असते. केस फणसाच्या काट्यांसारखे बारीक, चिवराच्या पट्टीचे टोक सरळ कापलेले आणि बैठकीची कड आत दबलेली. चेहरा गंभीर, काहीसा चौकोनी, ख्मेर (कंबोडियातल्या) वळणाचा. अयुथ्या (१३५१ ते १७६७) हे चारशे वर्षांचे राज्य, त्यामुळे तिथे सगळेच मिसळते. उत्तरकाळात मुकुट-अलंकार घातलेला राजवेषातला बुद्ध आणि उंच, पायऱ्यापायऱ्यांची नक्षीदार बैठक दिसते. बँकॉक काळात एकोणिसाव्या शतकातल्या चिवरावर फुलांची बुट्टी येते. द्वारवती या त्याहून जुन्या राज्याच्या (सहावे ते अकरावे शतक) लहान धातुमूर्तींत दोन्ही खांदे झाकलेले, भुवया जुळलेल्या आणि दोन्ही हात एकाच उपदेशमुद्रेत. त्या बाजारात क्वचितच खऱ्या येतात.

नकल करणारा चुकतो तो इथेच. सुखोथाईचा चेहरा, लान नाचे वज्रासन आणि अयुथ्याची बैठक तो एकत्र आणतो, कारण त्याने तीन वेगळ्या छायाचित्रांवरून काम केलेले असते. खरा कारागीर मिश्रण करतो तेव्हा त्याला त्या काळाचा, त्या गावाचा आधार असतो. डोळा तयार करायला वाट बेंचमबोफितच्या ओसरीइतकी चांगली शाळा नाही. वेगवेगळ्या काळांच्या ५२ मूर्ती, काही अस्सल, काही प्रती, एका रांगेत. राजपुत्र दामरोंग यांनी त्या जमवल्या. आपल्या जवळ पाहायचे तर मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२मध्ये निघालेल्या आठ छोट्या धातुमूर्ती आहेत, आणि चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात नागपट्टिणमच्या. त्या थाई नव्हेत, पण बुद्धाचे कांसे शतकानुशतके कसे दिसते हे त्यांवरून डोळ्यांत बसते.

बैठकीवर लेख असेल तर आकडा नीट वाचा. लान नाच्या जुन्या लेखांत चुलशक ही तिकडची जुनी कालगणना असते, त्यात ६३८ मिळवले की इसवी सन. अलीकडच्या मूर्तींवर थाई अंकांत बुद्धसंवत असतो, त्यातून ५४३ वजा करा. २५०० असा आकडा म्हणजे १९५७. बुद्धसंवताची पंचविसावी शताब्दी म्हणून त्या वर्षी थायलंडमध्ये मोठा उत्सव झाला. तो आकडा पाहून ‘अडीच हजार वर्षांपूर्वीची’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. लेखाच्या खाचेत धातू चकचकीत दिसला तर अक्षरे नंतर कोरलेली आहेत.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. क्ष-किरण प्रतिदीप्तीचे हातातले यंत्र धातूंचे प्रमाण सांगते, पण वरच्या कातडीचेच. गंज किंवा जुनी लाख असली की आकडे फसवतात. जस्त भरपूर निघाले तर ते कांसे नव्हे, पितळ. तेवढ्यावरून नवी म्हणता येत नाही, पण प्रश्न वाढतात. गाभ्याच्या मातीची उष्णतादीप्ती चाचणी माती शेवटची कधी तापली ते सांगते, तीही वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे. म्हणजे ५०० वर्षे असे उत्तर आले तर शंभर वर्षांची सूट धरा. त्याआधी मूर्तीचा एक्स-रे किंवा सीटी काढला तर चाचणीचा निकाल बिघडतो, म्हणून क्रम पाळा. आणि नव्या मूर्तीत जुनी माती भरणारेही आहेत. मातीचा नमुना सुट्या ढेकळाचा नव्हे, धातूला चिकटलेल्या गाभ्याचा, आणि प्रयोगशाळेच्याच माणसाने काढलेला हवा.

आता गोव्याची गोष्ट, जिथे आमचा जीव जास्त तुटतो. चवथीच्या आधी घरोघरी समया, तांबे, कळशा चिंचेने नाहीतर बिंबलांनी घासून लख्ख होतात. रोजच्या भांड्यांना ते बरोबर आहे. जुन्या मूर्तीला तसे एकदा घासले की शेकडो वर्षांचा थर, लाख, वर्ख आणि त्यांतला पुरावा सगळा मोरीत जातो. शिवाय आम्ल आणि मीठ छिद्रांत शिरून बसते. ताक पितळेत कळकते हे आपल्याला ठाऊक आहे, मूर्तीही तशीच आतून कळकते. चिंच, बिंबल, लिंबू, राख, भांड्यांची पूड, पॉलिश, खोबरेल, यांतले काहीही नको. मऊ, कोरडा ब्रश पुरे.

कांशाचा खरा शत्रू क्लोराइड. समुद्राच्या वाऱ्यात ते आहेच, नळाच्या पाण्यातही आहे. म्हणून कारंज्यात किंवा उघड्या बाल्कांवात ठेवलेली जुनी मूर्ती पाहिली की पोटात गोळा येतो. धातूच्या आत बसलेले क्लोराइड दमट हवा आणि प्राणवायू मिळताच आम्ल तयार करते, ते आम्ल आणखी धातू खाते, पुन्हा क्लोराइड, पुन्हा आम्ल. हे चक्र हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की सुरू होते आणि ५५च्या वर वेग घेते. आपल्या पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८५च्या वर असते. खूण सोपी आहे: फिकट, पोपटी, भुकटीसारखे ठिपके, जे झटकले तरी आठवड्याने परत येतात. घट्ट गडद हिरवा थर निरुपद्रवी, पोपटी भुकटी म्हणजे आजार. खात्री हवी तर ठिपके ब्रशने झटकून, छायाचित्र काढून, मूर्ती बंद डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी, पण त्याला न टेकवता, एक-दोन दिवस ठेवा. भुकटी परत आली तर आजार जिवंत आहे. आपली एकुलती एक मौल्यवान मूर्ती असेल तर ही चाचणीही संवर्धकाकडूनच करून घ्यावी.

आजारी मूर्तीवर घरी उपचार करू नयेत. अल्कोहोलमध्ये बेन्झोट्रायझोलचे तीन टक्के द्रावण हा नेहमीचा उपाय आहे, पण ते रसायन विषारी आहे आणि आधी भिंगाखाली प्रत्येक खड्डा साफ करावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे किंवा लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेकडे विचारणा करावी. घरी करायचे ते एवढेच: मूर्ती इतर धातूंपासून वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवणे.

डबा रबरी कड असलेला, पॉलिप्रोपिलीनचा. लाकडी पेटी, विशेषतः प्लायवूडची, नको. तिच्यातून निघणारी आम्ल वाफ शिसे असलेल्या कांशाला खाते. लोकर, मखमल, फोमचा स्वस्त तुकडा, रबराचे बूच, वर्तमानपत्र यांपैकी काही धातूला लागू देऊ नका. धुतलेले कोरे सुती कापड आणि पॉलिइथिलीन फोम चालते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांचे प्रमाण घनमीटरला २० किलो, म्हणजे ५० लिटरच्या डब्याला एक किलो. निळे जेल टाळा, त्यात कोबाल्ट असते. नारिंगी घ्या, ओल धरली की त्याचा रंग बदलतो. मग ते ओव्हनमध्ये ११० अंशांना तीन-चार तास सुकवून पुन्हा वापरता येते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४०च्या खाली राहतो का ते जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला पाहा. लाख-वर्ख असलेली मूर्ती मात्र एकदम कोरडी करू नका. लाख आक्रसून पापुद्रे सुटतात. तिला आठवड्यागणिक थोडे थोडे, ४५च्या आसपास आणा. तिला मेणही लावू नका. उघड्या धातूच्या, निरोगी मूर्तीला सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात चालतो.

शेवटी कागद. आपला पुरावस्तू व कलाखजिना कायदा १९७२चा, तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुने शिल्प म्हणजे पुरावस्तू, आणि व्याख्येत ते भारतीयच असले पाहिजे अशी अट नाही. अशी वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, धातुशिल्पांची नोंदणी होते, मालकी बदलली की कळवावे लागते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे ‘अस्सल तीनशे वर्षांची’ म्हणून पर्यटकाला विकलेली मूर्ती, विकणारा खरे बोलत असेल तर, विमानतळावर अडायलाच हवी.

थायलंडच्या बाजूने पाहिले तर बुरीरामच्या प्लाय बात देवळातून १९६४च्या सुमारास निघालेले बोधिसत्त्व, कथील भरपूर असलेल्या कांशाचे अप्रतिम काम, लुटारूंच्या हातून जगभर पांगले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘गोल्डन बॉय’ म्हणून ओळखली जाणारी १२९ सेंटिमीटर उंचीची सोनेरी मुलाम्याची मूर्ती, तस्करीचा आरोप असलेल्या व्यापाऱ्याशी तिचा संबंध उघड झाल्यावर, २०२४मध्ये थायलंडला परत पाठवली. एवढ्या मोठ्या संस्थेला जे परत करावे लागले ते घरच्या कपाटात सुरक्षित राहील असे समजू नये. मूर्ती थायलंडबाहेर केव्हा व कशी आली याचा बिलासारखा, छायाचित्रासारखा, जुन्या प्रदर्शनाच्या सूचीसारखा पुरावा मागा. संग्रहालये साधारण १९७० ही सीमा धरतात. त्याआधीचा माग नसेल तर कितीही सुंदर असो, सोडून द्या.

गोव्यातल्या विक्रेत्यांकडे आमचे मागणे एवढेच की बिलावर ‘डेकोरेटिव्ह आयटम’ लिहून तोंडाने ‘अँटिक’ म्हणू नये. मांडीची रुंदी, उंची, वजन, धातू, अंदाजे काळ, मूर्ती कुठून व कोणत्या वर्षी आली, परवाना क्रमांक आणि वर्णन खोटे ठरल्यास पैसे परत, हे सगळे बिलावर यावे. नवी मूर्ती नवी म्हणून विकायला काहीच हरकत नाही. आजचे थाई ओतारीही उत्तम काम करतात. आणि पणजीच्या राज्य संग्रहालयाला विनंती की पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात एक दिवस लोकांना आपापल्या धातुमूर्ती आणून तळ, गाभा आणि पोपटी ठिपके तपासून घेता येतील अशी सोय करावी. त्यासाठी एक टेबल, एक जाणकार संवर्धक, भिंग आणि चांगला उजेड पुरेसा आहे.

आपले नम्र,
जुन्या धातुमूर्तींचे काही अभ्यासक, फोंडा